सोलापुरात ‘लायलॅक’: पार्सलमधलं रोप आणि नर्सरीतला पर्याय

ऑनलाइन मिळणारं लायलॅकचं, म्हणजे सुवासिक तुऱ्यांच्या विलायती झुडपाचं, रोप सोलापूरच्या अंगणात लावायला घ्यावं का? घेऊ नये. ते लगेच मरेल असं नाही, पण फुलणार नाही. आणि लायलॅक लावतात ते फुलांसाठी, वासासाठी. पानं बघायला मेंदीचं कुंपण पुरे.

खरा लायलॅक म्हणजे सिरिंगा व्हल्गॅरिस, मूळचा आग्नेय युरोपातल्या बाल्कन डोंगरांतला. त्याच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच फांदीवर धरतात आणि नीट उमलायला त्यांना हिवाळ्यात कित्येक आठवडे सात अंशांखालची थंडी लागते. इथे जानेवारीच्या पहाटेही पारा दहाच्या खाली क्वचितच जातो. ‘लॅव्हेंडर लेडी’सारखी कमी थंडीची वाणं आहेत, पण ती कॅलिफोर्नियाच्या हिवाळ्यासाठी, तो हिवाळाही आपल्यापेक्षा गार.

आकाराचंही पाहा. थंड मुलखात हे झुडूप 8 ते 15 फूट उंच होतं, रुंदीलाही फार मागे राहत नाही, आणि बुडातून फुटवे काढत पसरतं. वाढ मात्र वर्षाला साधारण एक-दीड फूट. ‘तीन महिन्यांत भरगच्च फुलं’ ही विकणाऱ्यांची थाप आहे. बियांच्या पाकिटाचा तर विचारच नको: बी एक ते तीन महिने ओलसर वाळूत फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, पुढे फूल यायला बरीच वर्षं, आणि चित्रातला रंग येईलच असंही नाही.

पार्सलमध्ये प्रत्यक्षात काय आलं ते पानावरून कळतं. समोरासमोर, गुळगुळीत कडांची, बदामाच्या आकाराची साधी पानं असतील तर लायलॅक. कडुनिंबासारखी संयुक्त, दातेरी पानं असतील तर तो बकाण निंब. इंग्रजीत त्याला ‘पर्शियन लायलॅक’ म्हणतात, नावाची गफलत तिथूनच होते. तो 30-40 फुटांचं झाड होतो आणि त्याची फळं विषारी. लहान मुलांच्या घरी नकोच.

लायलॅकऐवजी नर्सरीत क्रेप मर्टल हे फुलझुडूप मागा. ‘लॅजरस्ट्रोमिया इंडिका’ म्हटलं तरी चालतं. जांभळा, गुलाबी, पांढरा रंग मिळतो. वास जवळजवळ नाही, ही खरी उणीव. पण ऊन मानवतं, आणि फूल नव्या फुटीवर येत असल्यामुळे थंडीची अट नाही. जमिनीत चार-पाच वर्षांत 8 ते 12 फूट, 16 इंची कुंडीत 4-5 फूट. भिंतीपासून पाच-सहा फूट अंतर ठेवा.

खड्डा 2 × 2 × 2 फूट. निव्वळ काळ्या मातीत लावू नका. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी साचून मुळं कुजतात, मे महिन्यात भेगा पडून तुटतात. अर्धी माती काढून बारीक मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळा. आपल्या चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात: ही लोहाची कमतरता. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) फवारा. युरिया टाकून उपयोग नाही, उलट पाला माजतो आणि फूल हटतं.

छाटणी जानेवारीअखेर, पान गळल्यावर. पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. दरवर्षी एकाच जागी बुंधा तोडला की तिथे गाठी येतात आणि नवी लांब फूट फुलांच्या भाराने वाकते. द्राक्षबागायतदारांना छाटणी शिकवायला नको, पण इथे त्यांच्याइतकी कडक कात्री चालवू नये. पहिला बहर ओसरताच तुरे खुडले की दुसरा येतो. दाटी झाली, सावली आली की भुरी (पानांवर पांढरी बुरशी) धरते. सहा तास ऊन हवंच. मावा पडला की पानं चिकट होऊन काळी पडतात, तेव्हा निंबोळी अर्क संध्याकाळी.

नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथेही क्रेप मर्टल तगतं, पण पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा खोल पाणी आणि बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन हवं.

जागा मोठी असेल तर याच कुळातला ताम्हण लावा. आपलं राज्यफूल आहे, पण ते झाड आहे, झुडूप नव्हे; गच्चीखालच्या चिंचोळ्या पट्टीत त्याला कोंबू नका.