सांगलीतलं घर लेकीच्या नावावर: बक्षीसपत्र की मृत्युपत्र?

गावभागातलं स्वकष्टाचं घर लेकीला द्यायचं म्हटलं की बहुतेकांना बक्षीसपत्रच सुचतं. राहतं घर मुला-मुलीला देताना मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये, हे त्याचं उघड कारण. पण नोंदणी सक्तीची, आणि मालकी हयातीतच हातची जाते. उद्या मन बदललं तर दस्त एकट्याने फिरवता येत नाही. सांभाळण्याची अट त्यात लिहिली असेल, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली प्रांतांकडे दाद मागता येते. (ही अट वगळा म्हणणाऱ्या पाहुण्यापासून जरा जपूनच!)

आई-वडील त्याच घरात राहणार असतील तर मी मृत्युपत्रच सुचवेन. मुद्रांक नाही, दोन साक्षीदार पुरे, हयातीत कितीदाही बदला. नोंदणी ऐच्छिक; भावंडांत कुरबुर असेल तर मात्र नोंदवाच.