‘ओरिजिनल’ म्हणून गळ्यात मारलेले नकली यूएसबी कन्व्हर्टर

चवथीच्या देखाव्याचे सामान घ्यायला निघालेल्या मुलांनी हे आधी वाचावे.

आमच्या माशेलच्या हलत्या देखाव्यात रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आवाज वाजवतो आणि आर्डुइनो प्रो मिनी या दोन कंट्रोलर बोर्डांना हुकूम सोडतो. एकाकडे मोटारी, दुसऱ्याकडे दिवे. प्रो मिनीला स्वतःचा यूएसबी नसतो, म्हणून पाय आणि त्याच्या मध्ये यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लागतो. एफटीडीआय ही अशा कन्व्हर्टरच्या चिपा बनवणारी कंपनी. म्हापशातल्या एका दुकानदाराने ‘ओरिजिनल एफटीडीआय चिप आहे बाब, डोळे झाकून न्या’ म्हणत साध्या कन्व्हर्टरच्या तिप्पट दराने दोन दिले.

वीज जाऊन आली की सगळे उलटेपालटे व्हायचे. दिवे लागायच्या वेळी कालियावरचा कृष्ण गरगर फिरायचा. पायवर चालणाऱ्या लिनक्सला जो कन्व्हर्टर आधी सापडेल त्याचे नाव टीटीवाय-यूएसबी-०, नंतरच्याचे १. हा क्रम दर वेळी तोच राहील याची खात्री नसते. म्हणून ‘सिरियल’ फोल्डरात ‘बाय-आयडी’ची कायमची नावे असतात, चिपच्या सिरियल नंबरावरून बनलेली. तिथे बघतो तर कन्व्हर्टर दोन आणि नाव एकच! दोघांचा नंबर अक्षरशः सारखा. खऱ्या एफटीडीआय चिपांचे नंबर वेगवेगळे असतात.

दुकानदार म्हणाला, तुमच्या पायचा पोर्ट गेलाय, ठेवून जा. दुरुस्तीचे पैसे आधी घेतले आणि पाय होता तसाच हातात दिला. नकली माल त्यालाही वरूनच आला असेल, हे एकवेळ मानू. पण धडधाकट यंत्र बिघडलेले ठरवून पैसे उकळणे ही सरळसरळ लूट आहे.

शेवटी भाच्याच्या विंडोज लॅपटॉपला तेच कन्व्हर्टर जोडले. आर्डुइनोचे आकडे यायच्या जागी पडद्यावर ‘नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड’ अशी ओळ पुन्हा पुन्हा उमटू लागली. नकली चिप ओळखली की एफटीडीआयचा विंडोज ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्राम, २०१६ पासून ही ओळ पाठवतो. लिनक्सचा ड्रायव्हर असे काही करत नाही, त्यामुळे नुसत्या पायवर काम करणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

बिलावर फक्त ‘यूएसबी कन्व्हर्टर’ लिहिलेले, त्यामुळे दुकानदाराने हात वर केले. तेव्हा बिलावर चिपच्या नावासकट ‘एफटी २३२ आरएल, ओरिजिनल’ असे लिहून घ्याच. तो लिहायला कां-कूं करू लागला तर तिथूनच परत फिरा. ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, तक्रार करतानाही हेच बिल उपयोगी पडते.

आम्ही आता सीएच ३४० चिपचा स्वस्तातला कन्व्हर्टर वापरतो. त्यालाही सहसा स्वतःचा नंबर नसतो, पण निदान खोटे नाव लावून तो विकत नाहीत. प्रोग्राममध्ये ‘बाय-पाथ’ची नावे घातली आहेत, ती कन्व्हर्टर कुठल्या पोर्टात खोचलाय त्यावरून ठरतात. मोटारींच्या पोर्टाला आणि त्याच्या केबलला लाल टेप, दिव्यांच्याला पिवळी. देखावा मांडताना केबल कुणीही लावो, अदलाबदल होत नाही.