वाड्याचा वरचा मजला: सागवानी खांब की चौकटीची भिंत?

जुन्या नाशकात वाड्याचा वरचा मजला नव्याने करायचा झाला की दोन पर्याय पुढे येतात. पूर्वीसारखे सागवानी खांब उभे करायचे, नाहीतर चौकटीची भिंत, म्हणजे चार बाय दोन इंची लाकडी दांडे (उभ्या) ओळीने लावून, त्यांवर प्लाय ठोकून त्या भिंतीवरच छप्पर घ्यायचं. लाकडाचा भाव नंतर विचारा, आधी भार कुठून उतरतो ते बघा.

तुळईखाली खांबच हवा. तिथे सगळा भार एका जागी येतो. उंच खांब चिरडण्याआधी वाकून जातो, म्हणून उंचीला सर्वांत कमी जाडीने भागून बघायचं. आयएस ८८३ या लाकडी बांधकामाच्या भारतीय संहितेनुसार उत्तर ११ पर्यंत आलं तर खांब आखूड, आणि ५० च्या वर अखंड लाकडाचा खांब चालतच नाही. दहा फुटी खांब चार इंची घेतला तर ३० येतात, सहा इंची घेतला तर २०. सडसडीत खांब तीन इंचांऐवजी चार इंची केला, तर वाकण्याविरुद्धची ताकद तिपटीहून जास्त वाढते. इथे लाकूड वाचवू नका!

भिंतीतली दहा फुटी उभी एकटी बघितली तर दोन इंचांच्या अंगाने ६०, म्हणजे बाद. पण प्लाय जवळजवळ खिळ्यांनी ठोकला की त्या अंगाला ती वाकत नाही. हिशेब चार इंचांवर येतो, ३०. तोच प्लाय पुढे कपाटासाठी कापला तर उभ्या पुन्हा उघड्या पडतात. उभ्या जिच्यावर टेकतात ती खालची आडवी पट्टीही तपासा. तंतूंच्या आडव्या दाबाला लाकूड फार कमी टिकतं. भार जास्त झाला की उभीचं टोक पट्टीत रुतून चौकोनी खळगा पडतो.

ओढीचा, म्हणजे वारा छप्पर वर खेचतो त्याचा, विचार बहुतेक जण करतच नाहीत. नाशिकला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात. हलकं पत्र्याचं छप्पर वर उचललं गेलं तर नुसत्या कुसवात (खाचेत टोक बसवण्याच्या सांध्यात) बसवलेला खांब सुटून येतो. खांब असो वा भिंत, बोल्ट मारलेल्या पोलादी पट्ट्या लागतातच. चार इंच रुंदीत अर्ध्या इंचाची दोन भोकं शेजारी पाडली की ओढ घेणारं पाव लाकूड गेलं. वाऱ्याच्या भारासाठी संहिता १.३३ पट ताण चालवून घेते, पण भोकाशेजारी गाठ आली तर ती सवलत पुरत नाही.

तळमजल्यावर, गोदेचं पाणी शिरतं तिथे, चौकटीची भिंत नकोच. दगडी तळखड्यावरचा (खांबाखालच्या बैठकीच्या दगडावरचा) खांब बरा. वर तुळया शाबूत असतील तर खांब ठेवा, आणि छपराचा भार सलग पसरून येत असेल तर भिंत घ्या.