'मेमरी बूस्ट' वालं टीडीसीएस हेडबँड – पाचपैकी दोन स्टार

टीडीसीएस म्हणजे डोक्याच्या कातडीवरून मेंदूला हलकासा वीजप्रवाह देणं. मशीन म्हणजे काय तर मुठीत मावेल एवढा डबा, आत नऊ व्होल्टची बॅटरी, दोन वायरी, दोन स्पंज आणि एक रबरी पट्टा. स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवून डोक्याला लावायचे आणि १ ते २ मिलिअँपिअर करंट सोडायचा. मी मानसशास्त्र शिकवते, खोट्या आठवणी हा माझा एकदम आवडता विषय, त्यासाठीच मागवलं.

खोटी आठवण बघायला खरं तर मशीन लागतच नाही. गादी, उशी, रात्र, जांभई, स्वप्न, पांघरूण, डुलकी अशी यादी वाचून दाखवा आणि थोड्या वेळाने काय काय आठवतंय ते विचारा. आमच्या काकू छातीठोकपणे म्हणाल्या 'झोप', मी म्हटलं काकू तो शब्द नव्हताच, तर म्हणे अगं तूच वाचलास, मी या कानांनी ऐकला! रोडिगर आणि मॅकडरमॉट या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली अशाच याद्या वापरल्या तेव्हा पहिल्याच प्रयोगात न वाचलेला शब्द सुमारे ४० टक्के वेळा लोकांनी लिहून दिला. सगळे शब्द एकाच अर्थाभोवती फिरत असले की तो मधला शब्दही ऐकल्यासारखा वाटतो.

मग हा अर्थ मेंदूत कुठे जुळतो? टेम्पोरल लोबचं, म्हणजे मेंदूच्या कानाकडच्या भागाचं, पुढचं टोक, साधारण कानशिलाच्या आत. २००७ मध्ये मँचेस्टरच्या टीमने तिथे सेकंदाला एक असे चुंबकीय पल्स १० मिनिटं दिले, त्यानंतर धडधाकट माणसंसुद्धा समानार्थी शब्द ओळखायला जास्त वेळ घ्यायला लागली पण आकड्यांच्या कामात काही फरक नाही, मला तर हा प्रयोग फारच सुंदर वाटतो. २००९ मध्ये सिडनीवाल्यांनी डाव्या बाजूला असेच पल्स दिले तर खोट्या आठवणी ३६ टक्क्यांनी कमी, खऱ्या तशाच. त्याच वर्षी २ मिलिअँपिअर करंट देऊनही खोट्या आठवणी कमी झाल्याचं छापून आलं, पण माणसं फक्त ३०, त्यामुळे त्यावर लगेच उड्या मारू नयेत.

आता हेडबँड. पट्टा कपाळावर छान बसतो, पण या प्रयोगातली जागा कानशिलाकडे आणि तिथे स्पंज टिकतच नाही, केस लांब असतील तर विसराच. पाणी सुकलं की टोचायला लागतं आणि डब्यावर तसा काही इशारा येत नाही. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे शॅम मोड, म्हणजे करंट दिल्याचं नुसतं नाटक करायची सोय, नाही. लॅबमध्ये काही जणांना सुरुवातीला अर्धा मिनिट करंट देऊन गुपचूप बंद करतात, मुंग्या खरा करंट मिळालेल्यांना आणि न मिळालेल्यांना, दोघांनाही येतात, त्यामुळे कोणाला खरा मिळाला ते कळत नाही. ही सोय नसेल तर शब्द जास्त आठवले ते करंटमुळे की नुसत्या उत्साहाने, कसं ठरवणार?

आणि बॉक्सवर 'मेमरी बूस्ट' लिहिलंय त्याचा मला खरंच राग आला, या प्रयोगांत खऱ्या आठवणी वाढल्याच नव्हत्या हो! परीक्षेसाठी मुलांना घेऊन देणाऱ्या आईबाबांनी तर हे नक्की वाचा.

दोन स्टार दिले ते करंट मीटरने मोजला तर आकडा बरोबर आला म्हणून, आणि वर्गात इलेक्ट्रोड (म्हणजे करंट सोडणारे ते स्पंज) दाखवायला बरं पडतं म्हणून. फिट येत असतील किंवा डोक्यात धातूचं काही बसवलेलं असेल तर हात लावू नका, ही सूचना पुस्तिकेत शेवटच्या पानावर अगदी बारीक अक्षरात आहे, ती बॉक्सवर मोठ्या अक्षरात हवी.