सदाशिव पेठेतला शनिवारचा बिझनेस इंग्रजी वर्ग: पैसे वसूल, पार्किंग सोडून

भोसरीत आमचं मशिनिंगचं छोटं युनिट आहे. कोटेशनपासून डिस्पॅचपर्यंतच्या मेल मीच लिहितो, म्हणून या वर्गाला नाव घातलं. एका जुन्या वाड्याच्या माडीवर दुपारी भरतो.

शिकवणाऱ्या बाई आधी एका कंपनीच्या परचेस खात्यात होत्या, आणि ते लगेच कळतं. शब्दाचा अर्थ नंतर, आधी विचारतात, "हा शब्द लिहिलात तर पैसे कोणाच्या खिशातून जाणार?" 'एस्टिमेट' म्हणजे अंदाज, पुढे रक्कम हलू शकते. 'कोटेशन' पार्टीने मान्य केलं की आकड्याला बांधले गेलात. '१५ तारखेला डिस्पॅच' म्हणजे माल आपल्या गेटबाहेर पडला की झालं. तिथे 'डिलिव्हरी' लिहिलंत तर तो त्या दिवशी नाशिकला पार्टीच्या दारात हवा. ट्रक चाकणच्या चौकात अडकला तरी निस्तरायचं तुम्हीच. आयएसओच्या मानकांत 'शॅल' म्हणजे सक्ती, 'शुड' म्हणजे शिफारस आणि 'मे' म्हणजे परवानगी, हे तर प्रत्येक क्वालिटीवाल्याने ऐकावं.

माझ्या मते सगळ्यात कामाचं 'बाय' आणि 'अन्टिल'. आपलं दोन्हीकडे 'पर्यंत'वर भागतं, म्हणून 'सेंड द ड्रॉइंग अन्टिल फ्रायडे' अशा मेल सर्रास फिरतात. बाईंचा तोडगा सोपा: 'शुक्रवारी किंवा त्याआधी' म्हणायचं असेल तर 'बाय', 'शुक्रवारपर्यंत चालू राहील' म्हणायचं असेल तर 'अन्टिल'. 'उत्तर द्या' या अर्थी लिहितात त्या 'रिव्हर्ट'बद्दलही उगाच सोवळं नाही. इथल्या पार्टीला बिनधास्त लिहा, परदेशात मात्र 'रिप्लाय'.

नोट्स यथातथा. 'गुड'ला पर्यायी शब्दांची पानभर यादी दिलीय. कोटेशनात 'स्प्लेंडिड' कोण लिहितं? झेरॉक्सही फिकट.

उशिरा गेलात तर दार बंद, कारण सांगत बसू नका. गाडी लावताना सम-विषम तारखेची पाटी बघा, नाहीतर टोइंगवाले बघतील. फी ४,५००, हप्ते नाहीत, घासाघीस तर अजिबात नाही.

मुलाखतीसाठी फाडफाड बोलायला शिकायचं असेल तर हा वर्ग तुमच्यासाठी नाही. पुढच्या बॅचला आमच्या स्टोअर्सच्या पोराला पाठवतोय. अर्धी फी मी भरणार, अर्धी त्याची.