केबिनच्या दारांसाठी ९८,००० रुपये गेले, जुन्या सागवानी फळ्याही गेल्या

माझ्या सव्वीस फुटी शिडाच्या बोटीत कॉकपिटमधून, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीतून, केबिनमध्ये उतरण्याच्या वाटेला दाराऐवजी एकावर एक बसणाऱ्या तीन सुट्या सागवानी फळ्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या रोज उचलणे जमेना, म्हणून बिजागरीची दोन दारे आणि नवा सरकता हॅच (वाटेवरचे झाकण) करायचे मी ठरवले. तो निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही; कारागीर मात्र चुकीचा निवडला. मुंबईत असे काम करणारे मोजकेच, त्यात बोट पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढलेली आणि शेजारच्या बोटवाल्यानेच त्याचे नाव सुचवलेले, तेव्हा मी विश्वास ठेवला यात नवल नाही.

एकूण दर १,१८,००० रुपये ठरला. ७०,००० आगाऊ दिले. पुढे ‘बिजागऱ्या कस्टममध्ये अडकल्या आहेत’ म्हणून आणखी २८,००० भलत्याच नावाच्या खात्यावर घेतले. ज्याच्याशी व्यवहार ठरला त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाच्याही खात्यावर पैसे पाठवू नका.

खरी खूण तर पहिल्याच दिवशी दिसली होती. माझ्या बोटीची ही वाट वर रुंद आणि खाली निमुळती आहे, आणि त्याने टेप लावला तो फक्त वरच्या कडेला. ‘बाकी जुन्या फळ्यांवरून काढतो,’ म्हणत तो फळ्या घेऊन गेला. १९७९ च्या फास्टनेट या इंग्लंड-आयर्लंडजवळच्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीतील वादळात पंधरा शर्यतपटू दगावले, आणि निमुळत्या वाटेतील फळी जराशी उचलली गेली तरी निसटते, हा धडा त्यानंतरच्या चौकशीतून साऱ्या जगाने घेतला. हे सगळे ठाऊक असूनही त्याला थांबवून ‘खालची रुंदी का घेत नाहीस?’ एवढे मी विचारले नाही. ते न विचारणे अजून छळते.

दारे आली ती मरीन प्लायची, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडची, नव्हतीच. तीन आठवड्यांत कडा फुगून थर सुटले. प्लायच्या तावावरचा आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का ताव कापण्याआधी स्वतः पाहा. ३१६ प्रतीच्या, म्हणजे खाऱ्या हवेत अधिक टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या म्हणून दिलेल्या बिजागऱ्यांवर त्याने चुंबक चिकटत नसल्याचे दाखवले होते आणि मी समाधान मानले. पण चुंबक स्वस्त ३०४ प्रतीच्या स्टीललाही सहसा चिकटत नाही, आणि खाऱ्या हवेत त्याच बिजागऱ्या तांबूस झाल्या. उलटलेल्या बोटीतही जागचा न हलणारा आणि आतून-बाहेरून उघडणारा अडसर मी लेखी मागितला होता. मिळाली ती कपाटाची कडी.

पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ असे सांगून अर्जच घेतला नाही. बोटीचे प्रकरण म्हणून सागरी ठाण्याकडे पाठवले, तर तेथील अधिकारी म्हणाले की व्यवहार जमिनीवर झाला. बंदराच्या कार्यालयात दोन तास बसवून कळवले की त्यांचा संबंध फक्त नोंदणीशी आहे. तीन कचेऱ्या, पाच फेऱ्या आणि एकाही कागदावर पोच नाही! ज्या दारामुळे समुद्रात माणूस बुडू शकतो, ते यांना स्वयंपाकघरातल्या फडताळासारखे वाटते, याचा संताप मला पैशांपेक्षा अधिक आहे.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही. जुन्या फळ्या कोणालाही साचा म्हणून देऊ नका, पुठ्ठ्याचा साचा स्वतः कापून द्या. माझ्या फळ्या त्याने परत केलेल्या नाहीत, आणि सध्या त्या वाटेवर ताडपत्री बांधलेली आहे.