बोटाला लावायचा ऑक्सिमीटर: एकत्र कुटुंबात हवाच

तीन पिढ्या एका छताखाली असतील, तर कोरोनासारख्या साथीत रक्तातला ऑक्सिजन मोजणारं हे यंत्र घरात हवंच. म्हाताऱ्या माणसांचा ऑक्सिजन कधी कधी धाप न लागताही खाली येतो. पण घाईत घेतलेला आकडा फसवतो. आजींना पाच मिनिटं शांत बसवा, गार बोटं चोळून ऊब आणा, नेलपॉलिश पुसा; आकडा स्थिरावला की मगच वहीत लिहा. स्क्रीनवर नाडीचे ठोकेही दिसतात, ठोक्यांचा 88 हा आकडा ऑक्सिजन समजून घाबरू नका. सावळ्या त्वचेवर ऑक्सिजन थोडा जास्त दिसू शकतो, म्हणून रोजची घसरण बघा. ऑक्सिजन 94 टक्क्यांच्या खाली गेला तर डॉक्टरांना फोन, 90 च्या खाली थेट रुग्णालय. आजारी माणसाला लावल्यावर आतलं रबर अल्कोहोलने पुसा. जमलं तर त्याच्यासाठी वेगळंच यंत्र ठेवा.